शिशाचा हिशेब : गरिबाची पहिली ठासणीची रायफल



एखादें मत आपण 'ठासून' सांगतों, आणि कोणाची मोठी बढाई फोल ठरली म्हणजे 'बार फुसका निघाला' असें म्हणून हंसतों. बोलतांना आपल्या डोळ्यांपुढें बंदूक नसते. पण ज्या बंदुकीच्या संगतींत असले शब्द वावरले, ती ठासणीची बंदूक एके काळीं आपल्या खेड्यापाड्यांतून घरोघर नसली तरी ओळखीची खास होती. तिला काडतूस लागत नाहीं. नळीच्या तोंडांतून मोजून दारू ओतावयाची, वर गोळी ठेवावयाची, लांब गजानें ती तळाशीं ठासून बसवावयाची, बाहेर कानाजवळ चिमूटभर रंजक घालावयाची, आणि मग चाप ओढावयाचा. रंजक पेटली पण आंतली दारू पेटली नाहीं, कीं बार फुसका! आणि बार झाला, तरी पुढच्या बारासाठीं सर्व खटाटोप पुन्हां पहिल्यापासून.

आज मी या ठासणीच्या बंदुकीविषयीं बोलणार आहें. मात्र आपल्याकडच्या नव्हे, अमेरिकेंतील बंदुकीविषयीं, आणि त्यांतहि एका अगदीं घरगुती प्रश्नाविषयीं. ज्याच्या गांठीं पैसा बेताचा आहे अशा माणसानें शिकारीसाठीं आपली पहिली ठासणीची रायफल घ्यावी ती कोणती? आपल्या देशांत १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, आणि तें योग्यच झालें असें मी समजतों. तेव्हां हें भाषण ऐकून आपणांपैकीं कोणी बंदुकीच्या दुकानाकडे वळेल अशी भीति मला नाहीं. मला स्वतःला नेम धरतां येत नाहीं. मला या प्रश्नाचें कुतूहल आहे तें निराळ्या कारणानें. अडीचशें वर्षांपूर्वीं रान तोडून शेत काढणाऱ्या माणसापुढें तो होता, १८६५ सालीं यादवी युद्ध संपवून घरीं परतणाऱ्या शिपायापुढें होता, आणि आज तेथील एखाद्या तरुण कामगारापुढेंहि आहे. तिघांना उत्तरें निरनिराळीं मिळालीं. परंतु एक गोष्ट तिघांनाहि उमगावी लागली. दुकानदार सांगतो ती बंदुकीची खरी किंमत नव्हे. घरांत आल्यावर बंदूक जें शिसें आणि जी दारू खाते, आणि तिच्या चुकीनें हातचें जें जातें, तें सर्व मिळून तिची किंमत होते.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत जर्मनी आणि स्वित्झर्लंड येथून पुष्कळ कुटुंबें पेनसिल्व्हेनिया प्रांतांत येऊन राहिलीं. लँकेस्टर परगण्याच्या आसपास त्यांची दाट वस्ती झाली. त्यांत बंदुका घडविणारे कुशल कारागीर होते, आणि त्यांनीं आपल्या देशची 'येगर' रायफल बरोबर आणली. येगर म्हणजे शिकारी. ही बंदूक आंखूड, जाड आणि रुंद तोंडाची असे. साध्या बंदुकीची नळी आंतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळींत मळसूत्रासारखे आंटे पाडलेले असतात. त्या आंट्यांत धरली गेलेली गोळी स्वतःभोंवतीं फिरत बाहेर पडते, आणि भोंवरा जसा फिरत असतां उभा राहतो तशी ती आपला मार्ग सोडीत नाहीं. साध्या बंदुकीचा नेम साठ-सत्तर पावलांपलीकडे देवाच्या हवालीं. चांगल्या रायफलीचा शंभर-दीडशें पावलांवरहि भरंवशाचा.

युरोपांत येगर चालविणारा बहुधा कोणा सरदाराचा वनरक्षक असे. सकाळीं निघाला तर संध्याकाळीं घरीं. शिसें धन्याचें, दारूहि धन्याची. अमेरिकेंतील वसाहतवाल्याचें तसें नव्हतें. तो रानांत आठवडेच्या आठवडे राही, आणि जें लागेल तें पाठीवर वाहून नेई. येथूनच आपला हिशेब सुरू होतो.

आपल्याकडे 'बारा नंबरची बंदूक' हे शब्द पुष्कळांच्या कानांवरून गेले असतील. हा बारा आंकडा कशाचा, हें मात्र थोड्यांस ठाऊक असतें. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या ओतल्या, तर त्यांतील एक ज्या नळींत बरोबर बसेल ती बारा नंबरची नळी. सोळा ओतल्या तर सोळा नंबर. म्हणजे नंबर वाढतो तशी नळी बारीक होते. बंदुकीचें मोजमापच मुळीं शिशाच्या खर्चानें करण्याची ही रीत मला मोठी मार्मिक वाटते. पौंड म्हणजे आजचे सुमारें ४५४ ग्रॅम, जुन्या मापानें ३९ तोळे. इंग्रजी शिपायाच्या मस्केट बंदुकीच्या गोळ्या एका पौंडांत जेमतेम चौदा होत. येगरच्या विसांच्या आगेंमागें. नळी अर्ध्या इंचाची केली कीं चाळीस होतात. इंचाचे शंभर भाग कल्पून त्यांतले ४५ भाग रुंदीची नळी घेतली तर पन्नासांहून अधिक, आणि ३६ भागांची घेतली तर शंभरांच्याहि वर!

हा फरक इतका मोठा कां, तें शाळेंत भूमिति शिकलेल्यांच्या लक्षांत येईल. गोलाचें वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणांत वाढतें. व्यास सव्वापट केला तर शिसें जवळजवळ दुप्पट लागतें, आणि त्या जड गोळीला ढकलावयास दारूहि अधिक. लँकेस्टरच्या कारागिरांनीं हें गणित पाटीवर मांडलें असेल असें नाहीं; तें त्यांच्या गिऱ्हाइकांनीं आपल्या खांद्यांवर सोसलें. दोन पौंड शिसें घेऊन निघालेल्या मनुष्याजवळ मस्केट असेल तर अठ्ठावीस बार, आणि बारीक नळीची रायफल असेल तर शंभर बार. डोंगरापलीकडे शिसें विकणारा वाणी नव्हता. व्यापाऱ्याच्या ठाण्यावर हरणाचें कातडें देऊन शिसें व दारू घ्यावी लागे. अमेरिकेंत डॉलरला बोलण्यांत 'बक' म्हणतात, तो शब्द नर हरणाच्या कातड्यावरून आला असें मानतात. कातडें हेंच तेथें नाणें होतें, आणि तें नाणें पाडण्याची टांकसाळ म्हणजे ही रायफल.

म्हणून शतकाच्या मध्यापर्यंत येगरचें रूप पार पालटलें. नळी बारीक झाली आणि लांबत लांबत चाळीस इंचांच्याहि पुढें गेली. लांबीमुळें मागची खांच आणि पुढची माशी यांतील अंतर वाढलें. नेम धरणें सोपें झालें. गोळी नळीहून किंचित् लहान ओतून ती चरबी लावलेल्या चिंधींत गुंडाळून ठासावयाची, ही रीत रूढ झाली. ती चिंधी आंट्यांत घट्ट बसे, गोळीला फिरवी आणि आंतली काजळी पुसून काढी. आणि बार काढतांना दारू किती घालावयाची? त्याचेंहि एक घरगुती माप लोक सांगत: तळहातावर गोळी ठेवावी आणि ती झांकेपर्यंत दारू ओतावी. खऱ्या मापाची खूण मग हरणाच्या शिंगाच्या पोकळ तुकड्यावर करून ठेवीत.

आतां अशा एका तरुणाची कल्पना करूं. तो १७७० च्या सुमारास लँकेस्टरच्या एका बंदूकवाल्याच्या दुकानीं उभा आहे. त्याच्याजवळ रोकड थोडी. बाकीचें धान्य देऊन किंवा अंगमेहनत करून फेडावयाचें. कारागिरानें लोखंडाची पट्टी सळईभोंवतीं तापवून ठोकून तिची नळी केली आहे, ती आंतून कोरली आहे, आणि एकेक आंटा हातानें कितीतरी वेळां खरवडून पाडला आहे. चांप बहुधा इंग्लंड वा जर्मनीहून आयात केलेला. कुंदा मेपल लांकडाचा, त्यावर वाघाच्या अंगासारखे पट्टे. कुंद्यांत चिंध्या ठेवण्याची पितळी झांकणाची सुबक डबी आहे, जागोजाग नक्षी आहे. त्या नक्षीनें तरुणाचें मन मोहून जातें यांत नवल नाहीं. पण शहाणा गरीब येथेंच हात आंखडतो. डोंगराळ मुलुखांत पुढें ज्या साध्या रायफली झाल्या, त्यांना पितळी डबी नसे. कुंद्याला नुसतें एक गोल भोंक पाडून त्यांत चरबी भरून ठेवीत. पितळेचा पत्रा नाहीं, नक्षी नाहीं. नळी आणि चांप मात्र चोख. त्या बंदुकांना पुढें नांवच 'गरीब पोराची रायफल' अशा अर्थाचें पडलें. माझ्या मतें त्या काळांतील सर्वांत सुंदर वस्तु त्याच.

बंदुकीबरोबर कारागीर गोळ्या ओतण्याचा सांचा देई, कारण दोन नळ्या तंतोतंत सारख्या नसत. एकाच्या गोळ्या दुसऱ्याला बसतीलच असें नाहीं. आणि ज्याला नवी रायफल झेपत नसे तो जुनी घेई. वापरानें आंटे झिजले तर कारागीर ते पुन्हां खोल कापून देई. त्यायोगें नळी थोडी रुंदावे, आणि सांचाहि नवा करावा लागे. पोटाला लागणाऱ्या कपड्याला शिवण उसवून सैल करावें, तसाच हा प्रकार. एकच रायफल बापाच्या हातीं चाळीस भागांची असून मुलाच्या हातीं चव्वेचाळीसांची झालेली असे.

या काटकसरीला एक सीमा होती, आणि ती जनावरानें घातलेली होती. छत्तीस भागांची गोळी खारीला आणि सशाला पुरे. मोठ्या हरणाला ती लागते, पण पाडीत नाहीं. जखमी हरिण दाट झाडींत शिरलें कीं मैलभर धांवतें, आणि बर्फ नसेल तर त्याच्या रक्ताचा मागहि सांपडत नाहीं. एका पौंडांत शंभर गोळ्या ओतून शिसें वांचविणाऱ्यानें अशीं दोन हरणें गमावलीं तर त्याच्या घरांत हिंवाळ्याचें मांस नाहीं, विकावयास कातडें नाहीं. आणि एक मुकें जनावर कोठें तरी दोन दिवस तडफडत पडलेलें, तें निराळेंच. ती वेदना कोणत्या वहींत मांडावयाची? रानांतल्या अनुभवी माणसांनीं म्हणून पंचेचाळीस ते पन्नास भागांच्या आसपास मुक्काम केला. त्याहून बारीक नळी हरणाला अपुरी, त्याहून रुंद नळी खिशाला जड. आजहि कोलोराडो राज्याच्या नियमांत ठासणीच्या बंदुकीनें हरिण मारण्यास किमान चाळीस भागांची नळी लागते, आणि एल्क नांवाच्या थोरल्या हरणाला पन्नासांची.

येथें एक लोकभ्रम दूर केला पाहिजे. अमेरिकन मनांत अशी समजूत घर करून बसली आहे कीं, रानांतल्या प्रत्येक झोंपडींत एक अचूक 'केंटकी रायफल' टांगलेली असे. १८१५ सालीं न्यू ऑर्लिन्स येथें इंग्रजांचा पराभव झाला. त्या विजयाचें श्रेय केंटकीच्या शिकाऱ्यांस देणारें एक गाणें पुढें फार लोकप्रिय झालें, आणि पेनसिल्व्हेनियांत जन्मलेल्या रायफलीस केंटकीचें नांव चिकटलें. इतिहासकार त्या विजयाचें माप तोफांच्या पदरांत अधिक टाकतात. खरें पाहतां पुष्कळ गरीब घरांत साधी, आंटे नसलेली बंदूकच होती. ती स्वस्त, आणि तिच्यांत एक मोठा गुण असा कीं, तींत आज गोळी घालून हरिण मारतां येतें, उद्यां छर्रे घालून बदकें मारतां येतात. रायफलींत छर्रे घातले तर आंटे त्यांना चोहोंकडे उधळून देतात. उत्तरेकडे हडसन्स बे कंपनी तेथील मूळच्या रहिवाशांना अशाच हलक्या बंदुका विकी. त्यांच्या एका बाजूस पितळेचा सर्प बसविलेला असे. तो सर्प नसेल तर गिऱ्हाईक बंदूक खोटी समजून परत करी! त्या बंदुकांची किंमत पैशांत नव्हे, बीव्हर या प्राण्याच्या कातड्यांत मोजीत. बंदूक उभी करून तिच्या उंचीएवढी कातड्यांची चवड व्यापारी मागत, ही गोष्ट मात्र दंतकथा आहे. भाव ठरलेला असून तो डझनभर कातड्यांच्या आसपास असे. ज्या घराला एकच बंदूक परवडते त्यानें रायफल न घेतां साधी बंदूक घेतली, तर मी त्याला मूर्ख म्हणणार नाहीं. मात्र त्यानें साठ पावलांच्या आंत जाण्याची चिकाटी अंगीं बाणविली पाहिजे.

शिशाविषयीं इतकें बोललों. दारूविषयीं थोडेंच सांगतों, पण तें आपणांस जवळचें वाटेल. काळ्या दारूंत शंभर भागांत सुमारें पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक. कोळसा कोठेंहि होतो. सोरा मात्र त्या काळीं जगाला मुख्यतः हिंदुस्थानांतून, विशेषतः बिहारांतून जाई. तेथें नोनिया जातीचे लोक गांवच्या मातींतून तो खरवडून, पाण्यांत विरघळवून, आटवून काढीत. १८०२ सालीं डेलावेअर राज्यांत ड्यू पाँ घराण्यानें दारूचा कारखाना काढला. तो वाढला तो कलकत्त्याहून येणाऱ्या सोऱ्यावर. यादवी युद्ध पेटलें तेव्हां १८६१ च्या अखेरीस त्या घराण्यांतील लॅमो ड्यू पाँ हा उत्तरेकडील सरकारच्या वतीनें इंग्लंडांत सोरा खरेदी करण्यास गेला. तेवढ्यांत इंग्लंड व अमेरिका यांत तंटा झाला, इंग्लंडनें निर्यात थांबविली, आणि तो मिटेपर्यंत वॉशिंग्टनच्या पोटांत गोळा उठला. पेनसिल्व्हेनियाच्या रानांत एखादें हरिण पडलें तर त्यामागें बिहारच्या नोनियाची मजुरी होती. ती किती अल्प होती याचा हिशेब कोणी मागितला नाहीं.

चकमकीच्या बंदुकीचा मोठा दोष पावसांत आणि वाऱ्यांत. स्कॉटलंडांतील फोर्सिथ नांवाचा एक पाद्री पक्ष्यांच्या शिकारीचा शौकीन होता. बाहेरची रंजक भपकन् पेटतांच पक्षी सावध होऊन उडून जातात, यानें तो चिडला आणि आघातानें पेटणारें द्रव्य बंदुकींत वापरण्याची युक्ति काढून १८०७ सालीं त्यानें तिचें पेटंट घेतलें. तींतून पुढें तांब्याची इवलीशी टोपी निघाली. आपल्याकडे तिला केप म्हणत. केपाची बंदूक ओल्या हवेंतहि बहुधा दगा देत नाहीं. गरिबानें नवी बंदूक न घेतां जुन्या चकमकीच्या बंदुकीचा चांपच बदलून घेतला. असें रूपांतर करून देणें हा खेड्यांतील बंदूकवाल्यांचा मोठाच धंदा झाला. पण कांहीं डोंगरी लोकांनीं तेंहि नाकारलें. त्यांचें म्हणणें असें कीं, गारगोटी जमिनींत सांपडते, केप दुकानांतून आणावी लागते. केपा संपल्या तर बंदूक म्हणजे काठी. त्यांना जुनाट म्हणून हंसणें सोपें आहे. मला तर त्यांत तोच जुना हिशेब दिसतो.

रॉकी पर्वताकडे जाणाऱ्यांचा हिशेब मात्र उलटा झाला. तेथें रानरेडे आणि अस्वलें. बारीक गोळीचा उपयोग नाहीं. सेंट लुइस येथें जेकब व सॅम्युएल हॉकेन या भावांनीं त्यांच्यासाठीं पन्नास भागांहून रुंद नळीची, आंखूड आणि भक्कम केपाची रायफल घडविली. शिसें अधिक लागे. पण तें आतां मनुष्य नव्हे, घोडा वाहून नेई. हॉकेन ज्यांना परवडत नसे ते लँकेस्टरच्या लेमन या कारखानदाराची स्वस्त रायफल घेत. लेमन साध्या मेपलच्या कुंद्यावर रंगानें खोटे पट्टे ओढून देई! वरवरचें सोंग खोटें, पण नळी खरी. गिऱ्हाइकाचें त्यांत नुकसान कांहीं नव्हतें.

आतां दुसरा खरेदीदार पाहूं. १८६५ चा मे महिना. युद्ध संपलें आहे, आणि सैन्य विसर्जित होत आहे. सरकारनें हुकूम काढला कीं, घरीं जाणाऱ्या शिपायानें इच्छा असल्यास आपलें हत्यार पगारांतून पैसे कापून देऊन घेऊन जावें. मस्केट कोणतीहि असो, सहा डॉलर. सात बारांची स्पेन्सर कार्बाइन दहा डॉलर. इतर कार्बाइन किंवा रिव्हॉल्व्हर आठ डॉलर. साध्या शिपायाचा पगार त्या वेळीं महिन्याला सोळा डॉलर होता. म्हणजे अकरा-बारा दिवसांच्या पगारांत ठासणीची उत्तम रायफल-मस्केट मिळत होती, आणि आणखी आठवडाभराच्या पगारांत, पाठीमागून भरतां येणारी, एकामागून एक सात बार काढणारी स्पेन्सर. आज आपण म्हणूं, चार डॉलरांसाठीं कोण मागें पाहील?

पण स्पेन्सरला कारखान्यांत झालेलें तांब्याचें काडतूस लागे. तें गांवच्या दुकानांत मिळेल कीं नाहीं, आणि मिळालें तर काय भावानें, हें त्या शिपायाला कसें कळावें? मस्केटीला सुटी दारू, शिशाचा तुकडा आणि केपांची डबी पुरे. ज्यानें चार वर्षें तीच बंदूक खांद्यावर वाहिली, तिचा प्रत्येक दोष ज्याला पाठ झाला, त्यानें सहा डॉलर मोजून तीच घरीं नेली तर तें मला समजतें. शिकारीला मात्र ती बेढब. अठ्ठावन्न भागांची नळी, चार किलोंहून अधिक वजन, आणि तिची लांबट गोळी पौंडांत पुन्हां चौदाच! शंभर वर्षें खपून लँकेस्टरवाल्यांनीं जें शिसें वांचविलें होतें तें लष्करानें एका फटक्यांत परत मागितलें. म्हणून अशा कित्येक बंदुकांची नळी पुढें आंखूड कापून, आंतले आंटे खरवडून काढून गुळगुळीत करण्यांत आली. युद्धाची अचूक रायफल शेतकऱ्याच्या घरीं छर्ऱ्यांची साधी बंदूक झाली, आणि ससे मारूं लागली.

पुढची हकीकत झटपट सांगतों, कारण ती ऱ्हासाची आहे. काडतुसाची बंदूक स्वस्त झाली, आणि ठासणीची मागें पडली. फक्त ॲपालेशियाच्या डोंगरांतल्या गरीब वस्त्यांत ती विसाव्या शतकांतहि टिकली. इकडे झटपट भरणाऱ्या बंदुकांनीं व बाजारासाठीं मांस पुरविणाऱ्या शिकाऱ्यांनीं रानें ओस पाडलीं. १९०० च्या सुमारास पांढऱ्या शेपटीचीं हरणें सबंध देशांत पांच लाखांच्या आंत उरलीं असावीं असा अंदाज आहे. मग कायदे झाले, हंगाम ठरले. १९३७ च्या कायद्यानें बंदुका व काडतुसें यांवरील कराचा पैसा वन्य प्राण्यांच्या रक्षणाकडे लावण्यांत आला. आज तीं हरणें कोटींनीं मोजतात.

जुन्या बंदुकीची हौस मात्र मेली नव्हती. १९३१ सालीं ओहायो राज्यांत पोर्ट्समथ येथें डोंगरी म्हाताऱ्यांना जमवून ठासणीच्या रायफलींची नेमबाजी झाली, आणि १९३३ सालीं या हौशी लोकांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. पुढें युरोपांत नव्यानें घडविलेल्या जुन्या धाटणीच्या बंदुका स्वस्तांत येऊं लागल्या. १९७० सालीं थॉम्प्सन-सेंटर या कारखान्यानें 'हॉकेन' नांवाची रायफल काढली. खऱ्या हॉकेनशीं तिचें नातें मामाच्या गांवच्या ओळखीइतकेंच. परंतु ती भक्कम होती, आणि हजारों लोकांची ती पहिली ठासणीची रायफल ठरली. ज्यांना तीहि महाग वाटे त्यांच्यासाठीं अर्धवट घडलेल्या भागांची पेटी मिळे. हिंवाळ्याच्या रात्रीं घरीं बसून कुंदा तासावा, घांसावा, तेल द्यावें, आणि तयार बंदुकीच्या किंमतींतले कांहीं डॉलर वांचवावे.

राज्य सरकारांनीं ठासणीच्या बंदुकीसाठीं शिकारीचा निराळा हंगाम ठेवण्यास आरंभ केला, तेव्हां तिला खरी मागणी आली. पेनसिल्व्हेनियानें १९७४ सालीं असा हंगाम सुरू केला, आणि त्यांत चकमकीच्याच बंदुकीला मुभा ठेवली. नाताळानंतरच्या त्या हंगामांत तेथें केपहि चालत नाहीं. जेथें लांब रायफल जन्मली तेथेंच तिला असा मान मिळावा हें मला आवडतें. इतर बहुतेक राज्यें इतकीं कडक नाहींत. १९८५ सालीं मिसूरीच्या टोनी नाइट या कारागिरानें निराळी रचना लोकप्रिय केली. तींत केप नळीच्या अगदीं मागें, सरळ रेषेंत बसते. बार क्वचितच फुसका निघतो, आणि नळी मागून उघडून धुतां येते. दिसावयास ती आजच्या रायफलीसारखी.

यामुळें एक गंमत झाली आहे. आज तेथील बाजारांत नवीन रचनेची साधी रायफल सर्वांत स्वस्त, आणि हातानें घडविलेली लँकेस्टर पद्धतीची चकमकीची रायफल हजारों डॉलरांची. गरीब पोराची रायफल श्रीमंताच्या दिवाणखान्यांत गेली! नव्या तरुणाला माझ्यासारख्या इतिहासवेड्यानें जुनें रूप घे म्हणून सांगणें सोपें. पण त्याला एका हिंवाळ्यांत एखादें हरिण मिळवावयाचें असेल, आणि जखमी करून सोडावयाचें नसेल, तर पन्नास भागांची, उघड्या दृष्टीची, साधी नव्या रचनेची रायफल घेण्यांत कांहीं कमीपणा नाहीं. एवढें मात्र त्यानें आधीं विचारावें कीं, आपल्या राज्याच्या हंगामांत ती चालते का. स्वस्त म्हणून घेतली आणि हंगामांतच अपात्र ठरली, तर ती सर्वांत महाग.

जुनी वापरलेली हॉकेन घ्यावयाची झाली तर कुंद्यावरचे ओरखडे पाहूं नयेत, नळीचें पोट पाहावें. काळ्या दारूची राख हवेंतील ओल ओढून घेते; गरम पाण्यानें धुतली नाहीं तर थोड्याच दिवसांत आंत गंज चढतो. गजाला स्वच्छ चिंधी बांधून ती आंतून फिरवावी; अडखळली, फाटली, तांबडी होऊन आली, तर सौदा मोडावा. आंट्यांचा फेर विचारावा. चार-साडेपांच फुटांत एक फेरा घेणारे मंद आंटे गोल गोळीला मानवतात. दोन-अडीच फुटांत फेरा घेणारे जलद आंटे लांबट गोळीसाठीं असतात. एकाची गोळी दुसऱ्यांत घातली कीं नेम बिघडतो, आणि दोष बंदुकीच्या माथीं येतो. आणि दारू काळीच, किंवा तिच्या जागीं म्हणून मुद्दाम केलेली. काडतुसांतली धूर न होणारी दारू साध्या ठासणीच्या नळींत घातली तर नळी फुटते. तेथें काटकसरीचा प्रश्नच उरत नाहीं.

या सर्वांच्या आधीं मात्र एक गोष्ट करावयाची असते. ठासणीची बंदूक भरलेली आहे कीं रिकामी, हें बाहेरून कळत नाहीं. मागें उघडून पाहावें तर उघडत नाहीं. दारू कोरडी राहिली तर ती वर्षानुवर्षें आंत निजून राहते. जुन्या वस्तूंच्या संग्रहांत भिंतीवर टांगलेल्या बंदुका भरलेल्या सांपडल्याचें ऐकूं येतें.

माझ्या लहानपणीं रत्नागिरी जिल्ह्यांतील आमच्या एका आप्तांच्या घरीं माजघराच्या तुळईला अशी बंदूक टांगलेली असे. शेतांत डुकरें येत, त्यांच्यासाठीं परवान्याची. आम्हीं मुलांनीं हट्ट धरला म्हणजे आजोबा ती खालीं काढीत. घोड्यावरची केप काढलेली आहे हें बोटानें चांचपून पाहत. मग गज नळींत सोडीत, तोंडाशीं जेथें तो राही तेथें अंगठ्याचें नख धरीत, गज बाहेर काढून नळीच्या बाहेरच्या बाजूस लावीत, आणि त्याचें टोंक कानापर्यंत पोंचतें कीं चार बोटें अलीकडेच थांबतें, तें आम्हांला दाखवीत. पोंचलें तर म्हणत, "रिकामी आहे रे," आणि मगच कुंद्याला हात लावूं देत.